काकांच्या गाडीवरचं जाळं

आमच्या बाबांना घेऊन कुणाकडे जायचं म्हणजे लाज गुंडाळून ठेवावी लागते. घरातली माणसं ‘या, बसा’ म्हणत असतात आणि बाबा दारातच उकिडवे बसून, मान वाकडी करून, त्यांच्या जमिनीकडे तिरकं बघत असतात. ‘शेवटचा दगड फिरवलेलाच नाही हो तुमच्याकडे,’ असं ते सांगतात, आणि ते बिचारे आपलं काय चुकलं म्हणून स्वतःच्या पायाखाली बघतात.

फरशी पॉलिश करणं हा बाबांचा धंदा. आधी खडबडीत दगड लावून मशीन फिरवायचं, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक. सगळीकडे पाणी, चिखल, आणि कान किटवणारा आवाज. शेवटी चिखल पुसला आणि जमिनीत छताचा दिवा लखलखीत दिसला की बाबा टाळ्या वाजवतात. खरंच वाजवतात. मी लहान असताना मला वाटायचं, तोही कामाचाच भाग असेल. माणूस असा की आनंद झाला की त्याला कुणाला तरी बोलावल्याशिवाय राहवत नाही, मग ते पुसलेली फरशी दाखवायला असो नाहीतर पावात फुगलेला मोठा बुडबुडा दाखवायला. ‘अगं, ये, ये, ये!’ ही आमच्या घरातली सगळ्यात जास्त ऐकू येणारी हाक.

हात मात्र जड. बाबांनी झाकण लावलेली बरणी आमच्याकडे दुसऱ्या कुणाला उघडत नाही. कौतुकाने त्यांनी पाठ थोपटली तर समोरच्याला ठसका लागतो.

आणि याच हातापायी त्यांचं आणि काकांचं बिनसलं होतं. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. दोघे एकत्र कामं घ्यायचे. एका मोठ्या हॉलच्या कामावर, मालकाच्या देखत, काका म्हणाले, “कोपरे मी करतो. ह्याचा हात जड आहे, ह्याच्याकडे दिलं की ओरखडे येतात.” बाबांनी मशीन बंद केलं आणि तसेच चिखलाच्या पायांनी घरी आले. त्यानंतर काकांनी फरश्यांचं दुकान काढलं, बाबा एकटेच मशीन फिरवत राहिले, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. दोघे राहतात एकाच भागात. समोरासमोर आले की दोघांनाही एकदम रस्त्याच्या पलीकडे काहीतरी काम आठवायचं. मी दहावीत होते तेव्हापासून हे बघत आले, आणि आता मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, एवढी वर्षं झाली.

मग आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. तिला घरी सोडायच्या दिवशी काका दवाखान्यात आले, आणि त्यांनी बाबांच्या हातात गाडीची किल्ली ठेवली.

“हिला घरी न्यायला माझी गाडी घे. टॅक्सीत धक्के बसतील. रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जाईन.”

“बरं,” बाबा म्हणाले.

इतक्या वर्षांनंतरचं ते पहिलं संभाषण, आणि त्यात आमच्या वडिलांचा वाटा एका शब्दाचा. पण तो शब्द घेऊन बाबा दवाखान्याच्या जिन्यावरून असे उतरले की आई खुर्चीवरून ओरडली, “अहो, मला न्यायला आलात ना? मी इथेच आहे!”

काकांची गाडी म्हणजे काकांचा जीव. जुनी, गडद निळी. आजकाल तशा निळ्या रंगात गाड्या येतच नाहीत. कायम कव्हरखाली झाकलेली. तिला कुणी टेकून उभं राहिलेलं त्यांना खपत नाही. अशी गाडी त्यांनी आपण होऊन दिली, यातच सगळं आलं.

रविवारी सकाळी बाबांना त्या सगळ्याचे आभार मानायचे होते. शब्दांत त्यांना जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी गाडी धुवायला घेतली. बादल्या भरल्या, फरश्यांसाठी वापरतात तो तेल काढणारा साबण घातला, आणि छतापासून चाकांपर्यंत गाडीला अशी अंघोळ घातली की इमारतीतली माणसं खिडक्यांत येऊन बघायला लागली. बाबा तर खुशीत शीळ घालत होते.

मग इमारतीमागून ऊन वर आलं आणि बॉनेटवर पडलं.

“अगं, ये, ये, ये!” हाक तीच, पण आवाज वेगळा होता. मी धावतच खाली गेले.

बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक गोल चरे उठले होते. मी सरकले तसं जाळंही माझ्याबरोबर सरकलं. बॉनेटवर, दारांवर, छतावर, जिथे ऊन तिथे जाळं.

“काल नव्हते,” बाबा म्हणाले. “आईला उतरवताना मी बघितलं होतं. आरसा होता आरसा. आज मी हात लावला आणि बघ.”

मग ते पायरीवर बसले आणि काकांचं ते वाक्य त्यांनी स्वतःच म्हटलं. “ह्याच्याकडे दिलं की ओरखडे येतात.”

बाबांनी असं बसून राहणं मला सवयीचं नाही. काका आरडाओरडा करणाऱ्यांतले असते तर बरं झालं असतं. पण ते काही बोलणार नाहीत हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. गाडीभोवती एक चक्कर मारतील, किल्ली घेतील आणि जातील. मग परत रस्त्याच्या पलीकडचं काम. या खेपेला ते जन्मभर पुरलं असतं.

वरच्या खिडकीत आई आली होती, पोटाशी उशी धरून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हसताना, खोकताना उशी दाबून धरा. “काय झालं?” तिने विचारलं. मी सांगितलं. “नखाला लागतात का बघ,” ती म्हणाली.

आमच्या दुकानात काचेवरचा ओरखडा मीही तसाच बघते. मी चऱ्यांवरून हलकेच नख फिरवलं. अडकलं नाही. “लागत नाही! वरवरचे आहेत!”

एवढं ऐकायची खोटी, बाबा उठलेच. “वरवरचे ना? मग निघतील! चरा म्हणजे काय, खड्डा. कडेची जमीन खड्ड्याइतकी खाली आणली की खड्डा गेला. हेच तर करतो मी आयुष्यभर! मशीन आणतो!”

“मशीन?” आई वरून किंचाळली. “फरशीचं मशीन गाडीवर चढवणार? हसवू नका हो, टाके ओढतात!”

मशीन राहिलं. पण काहीतरी हवंच होतं, आणि रविवारी आमच्याकडची दुकानं बंद. मी डिकी उघडली, तर आत एका फडक्यात गुंडाळलेला गाडीच्या पॉलिशचा डबा. इतका जुना की त्याच्यावरची अक्षरं पुसून गेलेली. बाबांनी झाकण काढलं. वर तेलासारखं पिवळट पाणी, तेही थोडंसंच उरलेलं. बाबांनी त्यात फडकं बुडवलं आणि बॉनेटवर वीतभर जागेत फिरवलं.

जाळं नाहीसं झालं! डोळ्यांदेखत, जसं काही कधी नव्हतंच.

बाबांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. खिडकीतून आईने एका हाताने उशीवर थाप मारली. दोन मिनिटांत संकट टळलं होतं आणि बाबा तर काकांना चहाबरोबर काय द्यायचं यावर आले होते. पण दुकानातली माझी खोड अशी की काच पुसली की ती पुन्हा धुऊन बघायची. मी साबणाचं फडकं घेतलं आणि तीच जागा धुतली. वाळली, आणि जाळं जिथल्या तिथे.

“तेलाने नुसतं भरलं होतं, बाबा. निघालं नव्हतं.”

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू चरे मीच आणले. मग त्यांनी डब्यात काडी खुपसली. काडी तळाशी पोचलीच नाही. खाली घट्ट थर बसला होता, खडूसारखा पांढुरका. बाबांनी त्यातला कणभर चिमटीत घेऊन चोळला, आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्या बोटांनी दगडाची भुकटी चोळूनच तर तिचा बारीकपणा ओळखला होता.

“अगं, दगड खाली बसलाय! घासणारी पूड सगळी तळाला, वर नुसतं तेल! ह्याला कुणी कधी हलवलंच नाही!”

झालं, वारं शिरलं त्यांच्या अंगात. थर सैल व्हायला ऊब हवी म्हणून डबा घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले. ते जिन्यात असतानाच आईने वास ओळखला. “गॅसवर नाही! त्यात रॉकेलसारखं काहीतरी आहे! घर पेटवाल!” मग मी शेगडी बंद करून तापलेलं पाणी बादलीत आणलं आणि अंगणात, झाकण सैल करून, डबा त्यात उभा केला. थर हळूहळू सुटला. बाबांनी काडीने ढवळलं, झाकण घट्ट लावलं आणि डबा इतका वेळ हलवला की त्यांचा चष्मा नाकावरून उडाला. उघडला तर आत सारखं, दाट, साईसारखं पॉलिश. पण बाबांनी पुन्हा चिमटीत घेतलं आणि मान हलवली.

“मध्ये खडे आहेत. वाळलेले. बारीक पॉलिशमध्ये एक खडा गेला की मेहनत पाण्यात.” फरशीवर बारीक दगड फिरवताना जाड दगडाचा एक कण राहिला तर काय होतं, हे त्यांना सांगायची कुणाची टाप नव्हती. आईची जुनी मलमलची ओढणी आली, तिच्यातून सगळं गाळलं. ओढणीत उरलेले कण बाबांनी मला दाखवले, आईला दाखवले, येणाऱ्याजाणाऱ्या दोघांतिघांना दाखवले.

फडकी माझी. चष्मे पुसायची, मऊ, नवी कोरी, घरी माझ्याकडे गठ्ठा पडलेला असतो. गाडी आम्ही ढकलून सावलीत घेतली आणि बॉनेटला तळहात लावून गार झाल्याची खात्री केली. पहिल्यांदा दार उघडून त्याच्या आतल्या कडेला, दार लावलं की दिसणार नाही अशा जागी करून बघायचं ठरलं. बाबांनी फडक्यावर थेंबभर घेतलं, चोळलं, फडकं उचललं.

फडकं निळं झालं होतं.

“रंग निघाला,” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “रंगच काढला मी दादाच्या गाडीचा.”

मी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या पेंटरला फोन लावला. तो कुठेतरी जेवायला बसला होता. “गाडी जुनी आहे ना?” तो घास चावत म्हणाला. “वरून लॅकरचा पारदर्शक थर नसणार. त्या काळच्या रंगाला फडक्यावर रंग येतोच, घाबरू नका. नव्या गाडीवर आला असता तर थांबा म्हटलं असतं. हलक्या हाताने करा. कडांवर आणि उंचवट्यांवर रंग पातळ असतो, तिथे जाऊच नका, पट्टी चिकटवा. आणि चरे दिसेनासे झाले की थांबा. आणखी छान करायला गेलात की पत्रा दिसेल.”

“हलक्या हाताने,” बाबांनी ऐकलं ते एवढंच. त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. मला एकदम भरून आलं. ज्या गोष्टीवरून सगळं बिघडलं, नेमकी तीच आता त्यांच्याकडे मागितली जात होती.

सगळ्या कडांना कागदी पट्टी लागली आणि बाबांनी सुरुवात केली. पहिला हात फिरला आणि खिडकीतून आवाज आला, “जड!” दुसरा फिरला. “जड! अहो, माझ्या टाक्यांवरून फिरवताय असं समजा!” आणि काय सांगू, तिसरा हात हलका झाला. फडकं नुसतं स्वतःच्या वजनाने जात होतं. वीतभर जागा घ्यायची, आडवा हात, मग उभा, पॉलिश वाळायच्या आत पुसायचं. दर वेळी फडक्याची नवी घडी, आणि फडकं खाली पडलं की ते बाद. प्रत्येक तुकडा झाला की मी साबणाने धुऊन, कोरडा करून, मोबाइलचा दिवा तिरका धरायची, आणि बाबा गाल जवळजवळ बॉनेटला लावून बघायचे.

पहिला तुकडा धुतला. वाळला. दिवा धरला. जाळं नव्हतं.

“परत धू,” बाबा म्हणाले. मी परत धुतला. नव्हतं! तेलाने झाकलेलं नव्हतं, खरोखर गेलं होतं. आत आमच्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या, त्यांतली एक उशीवाली. बाबा उभ्या जागी नाचले. मग लगेच गंभीर होऊन पुढच्या तुकड्याला लागले, कारण दिवस कुणासाठी थांबत नाही आणि गाडी केवढी तरी मोठी असते, हे ती हाताने घासायला घेतल्याशिवाय कळत नाही.

बॉनेट झालं. उजवी बाजू झाली. आमचे खांदे आता बोलायला लागले होते. संध्याकाळपर्यंत छत आणि डावी बाजू उरकेल असा बाबांचा हिशेब होता, आणि तेवढ्यात फाटक वाजलं. काका. संध्याकाळी येतो म्हणाले होते आणि भर दुपारी उभे. मला वाटतं, त्यांनाही राहवलं नसेल.

लपवायला जागा कुठे? डबा उघडा, निळी फडकी सगळीकडे, गाडीला पट्ट्या. काका आत आले. उजव्या बाजूने चालायला लागले, अगदी सावकाश. बॉनेटपाशी थांबले. वाकून बघितलं. मग डावीकडे गेले, जिथे सावली सरून ऊन आलं होतं आणि दारावर जाळं लख्ख दिसत होतं. तिथे ते फार वेळ थांबले.

बाबांनी सकाळपासून एक मोठं वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघाले ते तुकडेच. “दादा, गाडी धुताना माझ्या हातून चरे पडले. अर्धे काढले. अर्धे राहिलेत. तू बोल मला काय बोलायचं ते.”

काका बाबांकडे बघत राहिले. मी काकांच्या तोंडाकडे. आता मला माहीत आहे ते तेव्हा माहीत नव्हतं, पण त्यांना पहिल्या क्षणापासून माहीत होतं. ते गप्प बसू शकले असते. हॉलमध्ये आपण म्हटलेलं खरं ठरलं, एवढं घेऊन, किल्ली घेऊन, जाऊ शकले असते. कुणाला कधी कळलं नसतं.

“तुझे नाहीत ते,” काका म्हणाले.

“काय?”

“तुझे नाहीत रे. माझे आहेत. रोज सकाळी कव्हर काढून कोरड्या फडक्याने धूळ पुसतो मी. कोरड्या. गोल गोल. किती वर्षं.” त्यांनी डब्याकडे बोट केलं. “उन्हात दिसायला लागले म्हणून ते वरचं तेल लावत गेलो. लावलं की झाकतात. महिन्याभराने पुन्हा दिसतात, मी पुन्हा लावतो. तू आज साबणाने तेल काढलंस, एवढंच.” मग जमिनीकडे बघत म्हणाले, “ओरखडे माझ्या हातचे आणि त्या हॉलमध्ये बोल तुला लावला होता मी. तेव्हाही चुकलंच होतं माझं. सांगायला जीभ रेटली नाही.”

बाबांनी यातलं किती ऐकलं देव जाणे. ते पहिल्याच वाक्यावर अडकले होते. “माझे नाहीत?”

“नाहीत.”

“नाहीतच?”

“अरे, नाही म्हणतोय ना!”

बाबांनी अशा टाळ्या वाजवल्या की कबुतरं उडाली. वर आई उशी आवळून हसत होती, कण्हत होती, “नका ना, टाके!” म्हणत होती आणि पुन्हा हसत होती. माझे डोळे वाहत होते आणि मला पुसायला एकही फडकं असं नव्हतं की जे निळं नाही. काका मात्र अवघडून उभे होते, आता काय करायचं ते न कळून. बाबांनी तो प्रश्न ठेवलाच नाही. काकांचा दंड धरून त्यांना डब्यापाशी ओढत नेलं.

“दादा, जन्मभर तू ह्याचं तेल वापरलंस! पॉलिश खाली बसलं होतं, खाली! फरशीवाला ना तू? डबा हलवायचा नाही?”

“हलवायचा असतो?” काका ओशाळून म्हणाले.

“डबा हलवायचा असतो का विचारतो!” बाबा मला म्हणाले, मग आईला म्हणाले, मग फाटकाबाहेरून जाणाऱ्या एका अनोळखी बाईंना म्हणाले.

काकांनी बाह्या सारल्या. मी नवीन फडकं दिलं. दोघे भाऊ डाव्या बाजूच्या दारांसमोर उकिडवे बसले, एक पुढच्या, एक मागच्या. दोघांचे हात चालू झाले, म्हणून मी वर आईपाशी आले. तिला गोळी द्यायची वेळ झाली होती.

मी पाणी ओततेय तोवर खाली सुरू झालं. काका गोल हात फिरवत होते आणि बाबांचं म्हणणं, आडवा-उभा फिरव, गोल फिरवलास तर पुन्हा जाळंच विणशील. काकांचं म्हणणं, मी थोरला आहे, मला फिरवायला शिकवू नकोस. बाबा म्हणाले, थोरला आहेस तर डबा हलवायचा होता. आवाज चढत गेले. कुणाचं फडकं कुणाच्या पॉलिशमध्ये बुडलं यावरून तर इमारतीतली अर्धी माणसं पुन्हा खिडक्यांत आली.

आईला विश्रांती हवी, डॉक्टरांनी बजावलं होतं. मी खिडकीची झडप ओढायला हात घातला.

“लावू नकोस,” आई म्हणाली. तिने गोळी गिळली आणि उशी घेऊन खिडकीच्या आणखी जवळ सरकली. “किती वर्षांनी भांडतायत. ऐकू दे मला.”